माईंनी मांडलेलं तुमचं पान

तात्या, काल दुपारी माईंनी तुमचं पान मांडलं.

तेरावं उरकून पाहुणे गेल्यानंतरचा तो पहिलाच मोकळा दिवस. तुमच्या बहिणी, भाचे, पुण्याची मंडळी, सगळे पांगले. शेजाऱ्यांच्या सतरंज्या झटकून परत दिल्या. सुधीर पुन्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पहिल्या पाळीला जायला लागला. मी बँकेतली रजा वाढवून घेतली आहे. कुकर उतरवून मागे वळले तर माई जमिनीवर बसून तुमचा पाट सरळ करत होत्या. पुढे ताट, डाव्या हाताला तांब्याभांडं, आणि मिठाची चिमूट जिथे असायला हवी तिथेच. कालचा दिवस कोणता हे त्यांना सांगता येत नाही, पण मीठ कुठे वाढायचं ते हाताला पाठ आहे. मला म्हणाल्या, "वसुधा, हे अजून आले नाहीत का गं गंगेवरून?"

मी म्हटलं, "त्र्यंबकला गेलेत माई. उद्या येतील."

किती सहज म्हटलं मी ते. तुम्ही असतात तर चष्म्याच्या वरून नुसतं बघितलं असतंत. आपल्या दोघांचं इतक्या वर्षांचं भांडण त्या एका वाक्यावर होतं, आणि तुमचं पान पुढ्यात असताना मी माझीच बाजू घेतली.

माईंचं विसरणं सुरू झालं तेव्हा आपण त्याला नावच दिलं नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, दूधवाल्याला त्या भावाच्या नावाने हाक मारायच्या, आणि तुम्ही म्हणायचात, "वय झालं की होतं असं." मग एकदा त्या कोथिंबीर आणायला निघाल्या आणि दिंडोरी रोडला सापडल्या, तेव्हा दिवसभरासाठी बाई ठेवायचं ठरलं. ब्यूरोवाल्याने फोनवर विचारलं, पेशंट किती. सुधीर म्हणाला, आई एक, वडील तसे ठीक आहेत पण आता थकलेत. "म्हणजे दोन पेशंट, एक बाई," तो म्हणाला. आवाज इतका मोठा होता की खोलीभर ऐकू आलं. तुम्ही पेपरामागून म्हणालात, "मी पेशंट नाही म्हणून सांग त्याला."

त्याने पाठवलेल्या सिंधूबाई मखमलाबादहून यायच्या. घरचा भाजीचा मळा, सुना हाताशी आलेल्या, म्हणून ही कामं धरलेली. आधी त्यांनी नाशिक रोडला अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांचं सगळं केलं होतं. तीच पद्धत त्या आपल्याकडे घेऊन आल्या. पहिल्याच दुपारी त्यांनी माईंच्या आणि तुमच्या, दोघांच्याही गळ्याशी टॉवेल बांधला आणि वरणभाताचा चमचा तुमच्या तोंडापुढे धरला. संध्याकाळी मी घरी आले तर त्या दारातच उभ्या. "वहिनी, बाबा लय कडक हायेत. तोंडच फिरवलं त्यांनी. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाय." आतून तुमचा आवाज आला, "उद्या पाळणा टांगा म्हणावं." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले. तुम्हाला ते ऐकू गेलं होतं, हे तुम्ही नंतर कित्येकदा मला ऐकवलंत.

पुढे आम्ही दोघी शिकलो. तुम्हाला बादली अर्धीच भरून हवी, म्हणजे तुमची तुम्हाला सरकवता येते. स्टूल भिंतीला टेकून, टॉवेल खालच्या खिळ्याला. मोरीचं दार लोटलेलं, पण कडी नाही. बाहेर कोणी आहे हे तुम्हाला जाणवलं तरी चालायचं नाही आणि बाहेर कोणी नसलं तरी चालायचं नाही. सिंधूबाई दाराशी मेथी निवडत बसायच्या आणि कान आत ठेवायच्या. माईंचं सगळं याच्या उलट. त्यांना एक हात सतत अंगावर लागायचा. आंघोळीला दंड धरायचा, केस चोळताना बोलत राहायचं, हात सुटला की त्या बावरून इकडेतिकडे बघायला लागायच्या. माईंना धरलं नाही तर त्या घाबरायच्या, तुम्हाला धरलं तर तुम्ही चिडायचात. एका घरात, एका छपराखाली, जेमतेम हाताच्या अंतरावर बसलेली दोन म्हातारी माणसं, आणि एकीला जे द्यायचं तेच दुसऱ्याला द्यायचं नाही. ब्यूरोवाल्याला हे कसं सांगणार.

त्यात तुमचं सोवळं. आंघोळ झाली की नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी शिवायचं नाही. मी बँकेच्या बसमधून आलेली, सुधीर पाळीवरून आलेला, सिंधूबाई मळ्यातून आलेल्या, तुमच्या लेखी आम्ही सगळे ओवळे. पण सिंधूबाईंच्या हातचं पाणी तुम्ही सोवळं सुटल्यावरही घ्यायचा नाहीत, तेव्हा मी तुम्हाला स्पष्ट बोलले होते. "ती तुमच्या बायकोचं सगळं करते आणि तुम्हाला तिचं भांडं चालत नाही." काही आठवड्यांनी बघितलं तर दुपारचा चहा त्यांच्या हातचा घेत होतात, वर साखर कमी पडली म्हणून तक्रार करत होतात. बदलायचं असलं की तुम्ही गाजावाजा न करता बदलायचात. आणि नसलं की देव आला तरी नाही.

तुमच्या जेवणाचीही एक तऱ्हा. शेवटी अर्धी पोळी तूपगुळाची, आणि त्यातली अर्धी ताटात तशीच ठेवून उठायचं. मग माई त्याच ताटावर बसायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा फार राग यायचा. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात कसलं जेवायचं, तुमचं वेगळं पान घेते म्हटलं, तर माई म्हणाल्या, "अगं, माझ्यासाठी काय ठेवलंय ते बघायचं असतं मला." तो गूळ तुम्ही रोज ठेवायचात. गोदेवर यजमानांची, यात्रेकरूंची गर्दी असली, सिंहस्थात रामकुंडावर उभं राहायला जागा नसली, घरी यायला दुपार उलटली, तरी माई तुमच्याआधी जेवल्या नाहीत आणि तुम्ही गूळ संपवला नाहीत.

आता भांडणाचं.

माईंचे वडील चांदवडला असायचे. माई नवी नवरी होत्या तेव्हा ते दिवाळीला आणि नागपंचमीला मुलीला न्यायला यायचे, सकाळच्या गाडीने, निमाणीच्या स्टँडला उतरून चालत. विसरण्याच्या त्या पुरात बाकी सगळं वाहून गेलं, ती सकाळची गाडी तेवढी राहिली. रोज पूजेच्या वेळेला माई दोन लुगडी आणि कुंकवाचा करंडा असं गाठोडं बांधायच्या आणि विचारायच्या, "अप्पा आले का?"

मी म्हणायचे, "उद्या येणार आहेत." त्या खूश व्हायच्या, मी बसला पळायचे. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी म्हणायचात, "अप्पा गेले गं. वारले. फार वर्षं झाली." आणि त्या ज्या हंबरडा फोडायच्या, तो मी जिन्याखालून चपला घालताना ऐकायचे. त्यांच्यासाठी अप्पा त्या क्षणी गेलेले असायचे. दुसऱ्या दिवशी परत. मला तुमचा संताप यायचा. एकदा रविवारी मी बोललेच, "तात्या, त्यांना रोज नव्याने पोरकं करून तुम्हाला काय मिळतं? एक शब्द खोटा बोललात तर कुठलं पुण्य बुडणार आहे तुमचं?"

तुम्ही जानवं सारखं करत म्हणालात, "तू उद्या येणार म्हणतेस आणि कामावर जातेस. ती गाठोडं घेऊन पायरीवर बसते. पाणी पीत नाही, लघवीला उठत नाही, गाडी चुकेल म्हणून. दिवे लागेपर्यंत. मी असतो तिच्याजवळ. रडणं संपतं, वसुधा. वाट बघणं संपत नाही."

मी म्हटलं, "सगळ्यांचं रडणं संपतं असं कोणी सांगितलं?"

"जन्मभर काय केलं मी गंगेवर," तुम्ही म्हणालात. "लोक अस्थी घेऊन येतात, उभं राहवत नाही त्यांना. बापाचं नाव घे म्हटलं की आवाज फुटत नाही. एकदा नाव घेतलं, पाणी सोडलं, पोटभर रडून झालं की तास-दीड तासात विचारतात, गुरुजी, इथं जेवण बरं कुठे मिळतं. मी वाईट नाही म्हणत त्याला. भूक लागली म्हणजे माणूस परत आला."

मी तेव्हा म्हटलं की बायको म्हणजे यजमान नव्हे. तुम्ही पेपर उघडलात. आपलं भांडण नेहमी असंच संपायचं, तुम्ही पेपर उघडायचात आणि मी भांडी आपटायचे.

पुढच्या थंडीत बँकेला कसलीशी सुटी होती आणि मी घरी होते. तुमचा खोकला वाढलेला, डॉक्टरांनी गारठ्यापासून जपायला सांगितलेलं. तुमची आंघोळ झाली, तुम्ही सोवळं नेसून देवापुढे बसलात. माई गाठोडं घेऊन आल्या. अप्पा आले का. तुम्ही सांगितलंत. त्या जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या आणि रडत रडत त्यांनी तुमचा हात पकडला, दोन्ही हातांनी, सोवळ्यातल्या तुमचा. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला वाटलं आता तुम्ही हात मागे घेणार. तुम्ही घेतला नाहीत. पूजा अर्धी टाकून तुम्ही त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिलात. त्यांचं रडं ओसरलं, त्यांनी नाक पुसलं, सिंधूबाईंना म्हणाल्या, "आज भाजी काय गं?" तेव्हा तुम्ही हळूच हात सोडवलात, भिंतीला धरून उठलात आणि मोरीत गेलात. पाण्याचा आवाज आला.

मी सिंधूबाईंकडे बघितलं. "रोजचंच हाय, वहिनी," त्या म्हणाल्या. "माईंनी धरलं की बाबा परत अंग धुत्यात. मी म्हनलं बंब पेटवते, तर नको म्हनत्यात. गारच घेत्यात, लवकर व्हतं म्हनून."

तुम्ही कुडकुडत बाहेर आलात तेव्हा मी मोरीच्या दारातच उभी होते. म्हटलं, "दोन्हीपैकी एक सोडा तात्या. या वयात, या खोकल्यात, पौषाच्या थंडीत हे चालायचं नाही."

तुम्ही पंचा पिळत शांतपणे विचारलंत, "कोणतं सोडू?"

तात्या, सोवळं सोडा म्हणणं माझ्या जिभेवर होतं. पण सहा तपांची तुमची पूजा, ती तुमच्या अंगाचा भाग होती, जसा माईंना दंडावर हात लागायचा तशी ती तुम्हाला लागायची. आणि माईंना हात देऊ नका, असं तर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते. दुसऱ्या दिवसापासून मी निघण्याआधी बंब पेटवून दुसरी बादली काढून, वर पाट झाकून ठेवायला लागले, पाणी कोमट राहावं म्हणून. संध्याकाळी ती बादली रिकामी सापडायची. डॉक्टरांना नंतर विचारलं, त्या आंघोळींनी काही झालं का. ते म्हणाले, नाही, फुप्फुसाचं दुखणं जुनं होतं. मी मान हलवली. अजूनही मोरीत पाणी पडलं की मी हातातलं काम टाकून ऐकत राहते.

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच विचारली नाही. मला ती ऐकू आली होती हेसुद्धा तुम्हाला माहीत नसेल. एका संध्याकाळी मी देवघराजवळ वाती वळत होते. माई पलंगावर बसून मांडी हलवत होत्या, आणि त्यांनी दबक्या आवाजात तुम्हाला विचारलं, "बाळ झोपलं का हो?"

सुधीरच्या आधी तुम्हाला एक मुलगी झाली होती आणि ती पाळण्यातच गेली, हे मला तुमच्या धाकट्या बहिणीने, आत्यांनी, कधीतरी सांगितलं होतं. तुमच्या दोघांच्या तोंडून तिचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. मी हातातली वात तशीच धरून थांबले. आता हे सांगणार, आणि आता मला आत जाऊन यांना थांबवावं लागणार, असं वाटलं.

तुम्ही म्हणालात, "हो. झोपलं. तूही पड."

जन्मात एक शब्द खोटा न बोललेला माणूस. मला त्या क्षणी तुमच्यावर चालून यायला फार चांगलं निमित्त होतं. अप्पांच्या वेळी सत्य आणि इथे हे, असं विचारता आलं असतं. मी वात पूर्ण केली आणि समई लावली. रडणं संपतं म्हणाला होतात, पण सगळं रडणं संपत नाही, हेही तुम्हाला माहीत होतं. कुठलं संपतं आणि कुठलं नाही, हे तुम्ही कशावरून ओळखायचात तेवढं विचारायला हवं होतं. आज त्याचीच गरज आहे आणि तुम्ही नाही.

मग तुमचं स्वतःचं आलं. डॉक्टरांनी सुधीरला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. सुधीर म्हणाला, तात्यांना सांगायचं नाही. मी म्हटलं, का नाही, ज्या माणसाने बायकोला रोज खरं सांगितलं त्याच्याशी खोटं वागणं मला जमणार नाही. मनाची तयारी करून मी तुमच्याजवळ येऊन बसले. म्हटलं, "तात्या, डॉक्टर म्हणत होते..." तुम्ही म्हणालात, "वसुधा, ती खिडकी जरा लोट." परत सुरुवात केली, तर तुम्हाला पेज हवी झाली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच बोललात. "मला कळतंय. तू बोललीस की तू रडणार. मग मला तुझी समजूत घालावी लागणार. तेवढा श्वास नाही गं आता."

मी खिडकी लोटली आणि पेज आणली. बायकोला खरं हवं, स्वतःला नको. मी इतकी वर्षं तुम्हाला एकाच मापाचा माणूस समजत होते, हट्टी आणि सरळ. त्यानंतर आपण बोललो ते द्राक्षांबद्दल, पिंपळगावच्या भाचीने पाठवलेली करंडी आंबट निघाली त्याबद्दल, आणि माईंना हिवाळ्यात पायमोजे कुठले घालावेत त्याबद्दल. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला उठवत नव्हतं. सिंधूबाई ओल्या फडक्याने अंग पुसायच्या आणि तुम्ही पुसू द्यायचात. देवाला फूल मी वाहायचे, तुम्ही पलंगावरून बघायचात. एकदा माझ्याकडे हात पुढे केलात. मी सवयीने मागे सरले, तुमचं अंग पुसून झालेलं, म्हटलं शिवू कशी. तुम्ही हात तसाच ठेवलात. तेव्हा मी तो धरला. तो इतका हलका झाला होता की माझ्या हातात काही आहे असंच वाटेना. तुम्हाला सांगायचं होतं ते मी तेव्हा सांगायला हवं होतं. की माझे वडील मी लहान असताना गेले, आणि ज्याच्याशी इतकं हक्काने भांडता येतं असा माणूस मला तुमच्या रूपाने या घरात मिळाला. पण तुमच्याकडे श्वास नव्हता, आणि मी रडले असते.

तुम्ही गेलात त्या सकाळी घर माणसांनी भरलं. माईंना माणसं बघून आनंद झाला. नवं लुगडं मागून घेतलं, येणाऱ्या प्रत्येकीला विचारत होत्या, "मुंज कोणाची?" बायका पदर तोंडाला लावायच्या. सिंधूबाई त्यांना धरून आतल्या खोलीत बसून राहिल्या, आणि तुम्हाला नेताना त्यांनी माईंच्या केसांना तेल लावायला घेतलं, कारण त्या वेळेला माई कुठेच बघत नाहीत, डोळे मिटून घेतात. दहाव्याला आत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनीच्या कपाळाचं काय करायचं?" मी म्हटलं, "त्या रोज सकाळी आरशासमोर बसून स्वतः लावतात, आत्या. पुसलं तर परत लावतील. करंडा लपवला तर शोधत बसतील." मग आत्यांनीच उठून, आधी उचलून ठेवलेला तो करंडा माईंच्या आरशापुढे परत ठेवला.

पाहुणे होते तोवर माई मुंजीची पंगत समजून बायकांबरोबर जेवल्या. तर काल. मी सांगितलं, त्र्यंबकला गेलेत. माई म्हणाल्या, "बरं. येतील मग." आणि पानासमोर बसून राहिल्या. मी म्हटलं, उद्या येणार आहेत, तुम्ही जेवून घ्या. "त्यांच्याआधी?" त्यांनी असं विचारलं की मीच ओशाळले. सिंधूबाईंनी भरवायला घेतलं, त्यांनी ओठ घट्ट मिटले. संध्याकाळी दूध दिलं, नाही. सुधीरने येऊन लाडीगोडी केली, नाही. दिवे लागले तरी त्या पानापाशीच. पाणी भरलेला तांब्या त्या अधूनमधून हाताने चाचपायच्या, गार आहे ना म्हणून. तुम्ही पायरीवरच्या गाठोड्याबद्दल सांगितलं होतंत ते मी ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. मी नेहमी बसमध्ये असायचे.

आज सकाळीही त्यांनी चहा घेतला नाही. सिंधूबाई म्हणाल्या, "वहिनी, काय तरी करा. म्हातारं शरीर हाय, उपाशी किती राहतील?" आणि मग हळूच म्हणाल्या, "बाबा असते तर सांगितलं असतं त्यांनी."

मला ते ठाऊकच होतं. भीती वेगळीच होती. तुम्ही अप्पांसारखे की त्या बाळासारखे, हे मला कळत नव्हतं. माईंच्या आत तुमचं जाणं कुठल्या जागी पडेल, रडून मोकळं होतं त्या जागी, की जिथे तुम्हीसुद्धा कधी हात घातला नाहीत त्या जागी? चुकलं तर सावरायला तुम्ही नाही. देवघरापुढे उभी राहून मी तुम्हाला चिकार बोलले आज. तुम्ही ऐकलं असेल तर तुमच्याकडे उत्तर नव्हतं, नाहीतर तुम्ही गप्प बसणारे नव्हे.

दुपारी त्यांनी परत पान मांडलं. मी वाढलं. वरण, भात, भाजी, शेवटी पोळी आणि तूपगूळ. मग मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, "हे आले का गं?"

"तात्या गेले, माई," मी म्हटलं. "वारले. पौषात. घरीच गेले. तुम्ही जवळ होतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तो आवाज आला, जो मी इतकी वर्षं जिन्याखालून ऐकून पळाले होते. समोर बसून ऐकणं फार वेगळं आहे, तात्या. त्यांनी माझा हात पकडला, दोन्ही हातांनी, तुमचा पकडायच्या तसा. बोटांत एवढी ताकद अजून आहे, याची मला कल्पना नव्हती. मी काही समजूत घातली नाही. तुम्ही घालायचा नाहीत. नुसती बसून राहिले. त्यांचं रडं चढलं, उतरलं, परत चढलं. सिंधूबाई दाराशी डोळे पुसत मेथी निवडत होत्या. मला वाटलं, हे संपणार नाही. मला वाटलं, मी भलतीच जागा उघडली.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. ताटाकडे बघितलं. माझा हात सोडून त्यांनी तुमचं ताट स्वतःकडे ओढलं आणि वरणभात कालवला. एकेक घास नीट चावून जेवल्या. सगळं संपवलं. शेवटी पोळीवर तूपगूळ घेतला, अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, "ही राहू दे. आल्यावर लागेल त्यांना."

मी मान हलवली. त्यांचा हात धुवायला त्यांना मोरीपाशी नेलं, तिथे दुसऱ्या बादलीवर अजून पाट झाकलेला आहे. माई झोपल्यावर येऊन तुमच्या ताटावर झाकण ठेवलं. त्यांना उद्या परत सांगायचंय. माझं रडणं आत्ता कुठे सुरू झालंय, तात्या, आणि मला अजून भूक लागलेली नाही.